अकोल्याच्या प्रकाशकाला ‘खडक’ समजावताना

उशीर झाला, माफ करा. अमरावती-अकोल्याहून परत आल्या आल्या इथे लिहीन असं सांगितलं होतं, पण लिहायला मनच होईना.

जायचं कारण माझी मुलगी मंजू. ती पुण्यात नोकरी करते आणि एका बँडमध्ये ड्रम वाजवते. रॉक संगीताचं मराठी मासिक काढायचं तिच्या डोक्यात आहे. नाव ठरवलंय ‘खडक’. फोनवर म्हणाली, आपल्या भागात वाचणारे आणि छापणारा मिळाला तर तिवस्याला येऊन घरूनच काढते, नाही तर पुण्यातली खोली पुढे चालू ठेवते. मी सातवी शिकलेला. पण पोरगी घरी येते म्हटल्यावर पिशवी उचलली.

तिवस्याहून अमरावतीला एसटी भरपूर आहेत. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, पण ओळखपत्र जवळ ठेवा. मी मोझरी येईपर्यंत ते सारखं चाचपत होतो. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा वाळलेल्या आणि जागोजागी बोअरच्या गाड्या. यंदा कुठे पाणी लागत नाही.

अमरावतीत एका कॉलेजसमोर उभा राहून पोरांना विचारत होतो, रॉकवरचं मराठी मासिक वाचाल का. बहुतेक जण हसून पुढे गेले. एका पोरीने उलट मलाच विचारलं, “आजोबा, तुमी ऐकता का रॉक?”

म्हटलं, “मले भजनातली खंजिरीच समजते, बाई.”

तिने शेजारच्या गल्लीतलं इम्रानभाईंचं गिटारचं दुकान दाखवलं. इम्रानभाईंनी मला दह्यात भिजवलेला गिला वडा खाऊ घातला. दही गोड निघालं, पण त्यांचं बोलणं कडू. गिऱ्हाइकं भरपूर, म्हणाले, पण गाणी सगळी मोबाइलवर. “चाचा, सुननेवाले बहोत हैं. पढनेवाला एखादा भेटला तं मले बी दाखवा.”

रात्री नातलगांकडे थांबलो आणि सकाळी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरला चहा बरा मिळतो. अकोल्याला दुपारी उतरू नका, डोकं भाजून निघतं. पंचांग आणि शेतीची पुस्तकं छापणारे वानखडे नावाचे प्रकाशक तिथे आहेत. मी नुसतं म्हटलं, मुलीला ‘खडक’ नावाचं मासिक काढायचं आहे. ते खुर्चीतून उठलेच.

“काका, नाव असं पाह्यजे. आज वऱ्हाडात जो तो एकच इचारते, खडक किती फुटावर लागला? बोअरवाले जाहिरातीसाठी रांग लावतीन.”

कोल्ड्रिंक आलं. छपाई, कागद, वाटप, सगळं ते स्वतःहून बोलत गेले. मला बरं वाटत होतं, पण बोअरचं काय ते कळेना. मग त्यांनी विचारलं, पोरगी भूजल खात्यात आहे काय?

म्हटलं, नाही, ड्रम वाजवते. रॉक म्हणजे खडक, म्हणून तसं नाव.

वानखडे खाली बसले. माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहत म्हणाले, “लोकं पानी धुंडून राहिले काका, आन् तुमी त्यायले ढोल आयकवता?”

मी म्हटलं, पाणी नाही म्हणून पोरांनी गाणंही ऐकू नये काय? ते म्हणाले, ऐकू द्या की, पण वाचणारे दाखवा, मग बोलू. रागावले नव्हते. बसस्टँडपर्यंत गाडीवर सोडलं. तेच जास्त लागलं.

घरी येऊन मंजूला फोनवर सगळं सांगितलं. खडकावर ती खूप हसली. मग म्हणाली, “बाबा, पुण्याची खोली ठेवाची का सोडाची, महिनाअखेर घरमालकाले सांगा लागते.”

दोन गावं फिरून मला वाचणारा एक मिळाला नाही. कदाचित तो हे वाचत असेल. अमरावती, अकोला, आजूबाजूला कुणी असली गाणी ऐकत असेल आणि त्यावर मराठीत वाचणार असेल, तर खाली नाव-गाव टाका, मी वानखड्यांना नेऊन दाखवतो. उगीच माझ्या समाधानासाठी मात्र लिहू नका. इथे घरातली मंजूची खोली रिकामी आहे, आणि बायको रोज विचारते, हरभऱ्याची पोती तिथे टाकू का? मी आज नको, उद्या पाहू म्हणतो. महिनाअखेर जवळ आली आहे. लवकर कळवा.