तुळशीपर्यंत न पोचलेलं पाणी

निम्म्या पोळ्या झाल्या होत्या, उरलेली कणीक ताटलीखाली झाकलेली, तवा तापलेला, आणि फोन वाजला.

"हॅलो, तळमजला बोलतेय. मिस्त्री आलाय. खाली ये."

लीलाताई खालून हाक मारत नाहीत, फोन करतात. छत्तीस वर्षं त्या ग्वाल्हेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. माधवगंजातल्या आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत त्या एकतीस वर्षांपासून भाड्याने राहतात. यजमान गेले, मुलगी निवेदिता लग्न होऊन भोपाळला गेली, पण या हलल्या नाहीत. वय शहात्तर. गुडघे कुरकुरतात, कान मात्र तिखट. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगतात, आणि घरून भांडून आलंय का तेही.

त्यांच्या पलंगामागची भिंत चार वर्षं ओली आहे. आधी बशीएवढा डाग, मग पोपडे, मग पांढरा खार. आम्ही दर दिवाळीला वरून डिस्टेंपर मारायचो, होळीपर्यंत पुन्हा तेच. यंदा त्यांची गादी खालून काळी पडली आणि त्यांना खोकला जडला. निवेदिताने फोनवर सांगून टाकलं, "आई, बहुत हो गया. ते घर सडलंय. नवरात्रात अष्टमीला येते आणि तुला घेऊनच जाते. परतीची दोन तिकिटं काढलीत."

"सहाव्या मजल्यावर मी काय ऐकत बसू? तुमची लिफ्ट?" लीलाताई म्हणाल्या खऱ्या, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

आमच्या यांनी सगळा दोष शेजारच्या हेमेंद्रजींच्या बाथरूमवर ठेवला होता. दोन महिने त्यांच्याशी बोलणं बंद.

मी गॅस बंद करून खाली गेले. मिस्त्रीने छातीपर्यंतचं प्लास्टर खरवडलं होतं. वरच्या विटा चिंब, खालच्या त्यामानाने कोरड्या.

"भाभीजी, बाथरूम का होता तो बगल से आता. ये पानी ऊपर से उतर रहा है."

"ऊपर तो भगवान हैं," मी म्हटलं. या पलंगाच्या बरोबर वर आमचं देवघर आहे.

मिस्त्री चहाला बाहेर गेला तशी लीलाताईंनी दार लोटलं.

"विमल, पूजेला किती वाजता बसतेस?"

"साडेसातला. का?"

"आणि उठतेस नऊला. या भिंतीतही पाणी साडेसातला सुरू होतं आणि नऊला थांबतं. सोमवारी तू रुद्र लावतेस, तेव्हा साडेदहापर्यंत चालतं." त्यांनी स्टीलचा पेला विटेला लावून दाखवला. "पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की लाइन खरखरायची. कुठल्या भागात शिरलंय ते आम्ही कानांनी ओळखायचो. ही तर एवढीशी भिंत."

महादेवावर रोज अभिषेकपात्राची धार धरते. तीर्थ मोरीत जाऊ नये, पायाखाली येऊ नये, म्हणून सासऱ्यांनी देवघरातून भिंतीच्या आत लोखंडी नळी बसवून ते अंगणातल्या तुळशीत सोडलं होतं. तुळस दोन उन्हाळे वाळली, दोनदा नवी लावली, दोष उन्हाला दिला. नळी आतल्या आत गंजली असेल हे मनातसुद्धा आलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आषाढापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या महादेवाची तक्रार तुझ्याकडे? तू अभिषेक बंद केला असतास, ते पाप मी कुठे ठेवलं असतं? म्हणून पलंग पुढे ओढला." मग हळूच म्हणाल्या, "निवेदिताला मी सांगणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव."

वर आले. उरलेल्या पोळ्यांतली एक धड झाली नाही. जपाला बसले तर माळेचे मणी नुसते सरकत होते, नाव तोंडात नव्हतं. बोलले नाही तर निवेदिता म्हणेल घरच सडलंय, आणि अष्टमीला लीलाताईंना घेऊन जाईल. बोलले तर सगळी गल्ली म्हणेल, विमलच्या पूजेने बाईला खोकला लावला. यांना सांगितलं, तर म्हणाले, "अष्टमीपर्यंत गप्प राहा. हेमेंद्रला मी कुठल्या तोंडाने भेटू?"

दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडाला बोळा घातला. महादेव मोठ्या परातीत ठेवून अभिषेक केला आणि ते पाणी स्वतः खाली नेऊन तुळशीला घातलं. वर येते तोच फोन.

"हॅलो, आज लाइन साफ आहे."

अष्टमीला निवेदिता आली. उघड्या विटा बघून तिने ओढणी नाकाला लावली. "आई, बॅग कुठाय?"

लीलाताईंनी पलंगाखाली बोट दाखवलं. बॅग भरलेली होती. ते मला बघवेना.

"निवेदिता, घर सडलेलं नाही," मी म्हटलं. "पाणी माझं होतं." आणि नळीपासून बोळ्यापर्यंत सगळं सांगितलं. हे दारात उभं राहून ऐकत होते.

"चार साल, काकू? आईचा खोकला ऐकलात ना रोज?"

"ऐकला."

"अगं, चार वर्षं तीर्थात झोपले," लीलाताई म्हणाल्या. "आता काशीला न्यायचा तुझा खर्च वाचला."

निवेदिता हसली नाही. तिने भिंतीवर तळहात टेकवला आणि मिस्त्रीला फोन लावला. इक्कीस दिन भिंत उघडी ठेवा, हवा द्या, मग प्लास्टर, असं तो म्हणाला.

"आणि तोवर आई कुठे झोपणार?"

"वर, आमच्याकडे."

"वर हिचे हे घोरतात," लीलाताई म्हणाल्या. "मला खालपर्यंत ऐकू येतं."

निवेदिताने एक तिकीट रद्द केलं. "फक्त दिवाळीपर्यंत. मी येऊन या भिंतीला हात लावणार. ओली लागली तर आई माझ्याबरोबर येणार, तेव्हा कोणी मध्ये बोलायचं नाही."

काल ती गेली. लीलाताईंचा पलंग वर आला आहे. सकाळपासून पाच वेळा खाली जाऊन विटांना हात लावून आले, अजून गारच आहेत. त्या कोपऱ्यात छताच्या पंख्याचा वारा पोचत नाही. आता जयेंद्रगंजच्या टेंट हाऊसमधून, लग्नामांडवाचं सामान देतात तिथून, मोठा उभा पंखा भाड्याने आणायला निघते.