तुम्ही आजारी होतात, मॅडम

रविवारची दुपार. जेवणं झाली आहेत, मी आतल्या खोलीत आडवी झाले आहे. बाहेर माझा नवरा सुकुमार मॅच बघतो आहे. समालोचकाचं बोलणं आधी कळतं, मग नुसते शब्द कळतात, मग नुसता आवाज उरतो. पाय जड होतात. इतके जड, की उचलायचे तर कशाला तरी धरावं लागेल. मी धरते. हाताला लाकडी कठडा लागतो.

हा जिना मला ओळखीचा आहे. मिरजेतल्या सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतला, दुकानाच्या कडेने वर जाणारा. खाली कुणीतरी तार लावतो आहे, तीच ती तार, पुन्हा पुन्हा, अजून जमत नाही. वर रणपिसे मॅडमची खोली आहे. दर गुरुवारी, कॉलेज सुटल्यावर, चार वर्षं मी हा जिना चढले.

मी समुपदेशक व्हायला शिकते आहे. इतकी वर्षं मिरजेच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि चाळिशी उलटल्यावर हे खूळ घेतलं, असं सासरचे म्हणतात. सायकोडायनॅमिक म्हणतात आमच्या पद्धतीला. माणूस आज जसा वागतो त्यामागे त्याचं जुनं काय दडलेलं आहे, ते त्याच्यासोबत बसून, घाई न करता, बोलून शोधायचं. कोर्सचे वर्ग पुण्याला असतात. नियम असा, की दुसऱ्याला समोर बसवण्याआधी शिकणाऱ्याने स्वतः कुणासमोर तरी बसायचं. मी एस्तेर रणपिसे यांच्यासमोर बसले. साठी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. मला शेवटपर्यंत 'तुम्ही पद्मजा' म्हणणाऱ्या.

दाराला कुलूप नाही. हे मला खटकतं, कारण शेवटचं आले तेव्हा होतं. आधीचे दोन गुरुवार त्यांचा मेसेज आला होता, 'या आठवड्यात भेटता येणार नाही.' तिसऱ्या गुरुवारी मेसेज नव्हता, म्हणून मी आले, आणि हे एवढं कुलूप. खाली उतरले तर सतारवाल्याने पॉलिशचा हात थांबवून मला पाहिलं. "बाई गेल्या की," तो म्हणाला. "रविवारी माती दिली. तुमास्नी कळवलं न्हाई?"

न्हाई.

मी दार ढकलते.

"या," मॅडम म्हणतात.

त्या माझ्या खुर्चीत बसल्या आहेत. रिकामी आहे ती त्यांची. मी बसत नाही.

"तुम्ही मेला आहात," मी म्हणते.

"हं."

हा 'हं'. चार वर्षं मी या एका अक्षरावर काढली. कधी ते मायेचं वाटलं, कधी भिंतीसारखं.

"आज 'हं' चालणार नाही."

"राग आला आहे."

"मला राग आलाय हे मला कळतं! ते सांगायला तुमची गरज नाही. मागे तुम्ही कारवारला बहिणीकडे पंधरा दिवस जाणार होतात, आठवतंय? महिनाभर आधी सांगितलंत. 'मी जाणार आहे, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतंय?' दर गुरुवारी तेच. मला काही वाटत नव्हतं हो! कारवारला जाताय, जा, मासे खा. पण तुम्ही म्हणालात, कुठलाही निरोप अचानक घ्यायचा नाही, माणसाला तयारी करायला वेळ द्यायचा. कारवारला एक महिना. आणि मरायला?"

त्या खिडकीकडे बघतात. त्या खोलीला खिडकी नव्हतीच कधी. मी जवळ जाऊन बघते तर खाली हॉस्पिटलचं फाटक, रिक्षा, नारळपाणीवाला. माझ्या कॉलेजच्याच रस्त्यावरचं हॉस्पिटल. फाटकासमोरून एक बाई चालली आहे, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, मान खाली. ती मी आहे.

वळून बघते तो खोली गेलेली. लोखंडी पलंग, सलाईन, फिनेलचा वास. मॅडम पडून आहेत. डोक्याला तोच स्कार्फ, निळा, बारीक फुलांचा.

"इथून दिसायचे मी?"

"दिसायचात. अकराच्या सुमाराला मी मुद्दाम या कुशीवर वळायचे."

"आणि हाक मारली नाहीत."

"एवढ्या वरून?"

"फोन होता तुमच्याकडे! 'भेटता येणार नाही' एवढं टाइप करता येत होतं!"

शेजारच्या पलंगावरची बाई कूस बदलते. मला कुणी गप्प बसा म्हणत नाही, त्याने मी आणखी भडकते. मी स्कार्फकडे बोट दाखवते.

"हा. मार्चच्या उकाड्यात तुम्ही हा बांधून बसला होतात. गाल आत गेलेले. मी सरळ विचारलं, मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही काय म्हणालात?"

त्या स्कार्फची गाठ चाचपतात.

"मी सांगते. तुम्ही म्हणालात, 'मला काय झालं असावं असं तुम्हाला वाटतं?' मग आपण कुठे गेलो? माझ्या वडिलांवर. वडिलांचा दमा, मी रात्री त्यांचा श्वास ऐकत जागायची, म्हणून आता मला जो तो आजारी दिसतो. अख्खा तास! मी घरी जाताना बसमध्ये स्वतःला समजावत होते, की बघ, किती वर्षांचं हे तुझ्या डोळ्यांवर बसलंय. माझे डोळे चांगले होते, मॅडम. तुम्ही आजारी होतात."

पलंगाची कड माझ्या हाताला गार लागते. गुळगुळीत, काळी. तो प्रयोगशाळेचा ओटा आहे. बर्नर, परीक्षानळ्या, सडक्या अंड्यासारखा तो आमचा नेहमीचा वास. मॅडम नळाजवळच्या स्टुलावर बसल्या आहेत, पदर सावरून, एखाद्या पर्यवेक्षकासारख्या. समोरच्या स्टुलावर एक मुलगी बसली आहे.

तिचं नाव मी सांगणार नाही. नर्सिंग शिकते. माझ्या शिक्षणाचा भाग म्हणून दर शुक्रवारी मी जिला भेटते, ती ही. हिची आई गेली तेव्हा हिची परीक्षा चालू होती. घरच्यांनी ठरवलं, पेपर होईपर्यंत पोरीला सांगायचं नाही. मामा, काकू, हॉस्टेलची रेक्टर, सगळ्यांना माहीत. ही शेवटचा पेपर देऊन पेढे घेऊन घरी गेली.

"सगळ्यांना माहीत होतं!" ती आता ओरडते, जशी मागच्या शुक्रवारी ओरडली होती. "मी रोज फोन करत होते. म्हणायचे, आई झोपलीय, आई झोपलीय!"

तिचा आवाज काचेच्या कपाटांवर आपटून परत येतो.

"तेव्हा तुम्ही काय केलंत?" मॅडम मला विचारतात.

"पाणी दिलं."

"तिला तहान लागली होती?"

"नाही." मी ओट्याकडे बघते. "मग म्हटलं, त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं असेल."

मुलगी माझ्याकडे बघत राहते. शुक्रवारी ती अशीच बघत राहिली होती, आणि मग उरलेला वेळ शहाण्यासारखी बोलली. पुण्यात मी हे सांगितलं तेव्हा आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पद्मजा, तिचा राग तुम्ही विझवलात. तुम्हाला तो सोसवला नाही. असं असेल तर तुम्ही इतक्यात लोकांसमोर बसू नये. याच महिन्यात पाहू काय ते." त्याच बाईंनी एप्रिलमध्ये मला सांगितलं होतं, की रणपिसे मॅडमचं फार वाईट झालं, आणि तुमचे स्वतःचे राहिलेले तास दुसऱ्या कुणाकडे तरी पूर्ण करून घ्या. राहिलेले तास! जसं एक किराणा दुकान बंद झालं, आता पलीकडच्या दुकानातून घ्या.

"हे तुमच्यामुळे झालं," मी मॅडमना म्हणते. "तिच्यासमोर बसते तेव्हा मला तुम्ही आठवता. तिने अजून एक वाक्य टाकलं असतं तर मीच तिच्याबरोबर ओरडायला लागले असते."

"हं," त्या म्हणतात, आणि उठून चालू लागतात.

मी मागे धावते. प्रयोगशाळेचं दार उघडून बाहेर पडते तर अंगण आहे. प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत कुणीतरी प्रार्थना म्हणतं आहे. हे मॅडमचं घर. इथे मी एकदाच आले होते, जागेपणी, त्यांच्या प्रार्थनासभेला. पत्ता शोधत आले, पांढरी साडी नेसून. दारात त्यांचा मुलगा उभा होता. रडून डोळे सुजलेला, सभ्य माणूस. "आपण कोण?" त्याने विचारलं. काय सांगणार होते? जिन्यावरच्या त्या खोलीत कोण येतं हे मॅडमनी घरी कधी सांगितलेलं नसणार, तो आमचा नियमच. मी पेशंट नाही, विद्यार्थिनी नाही, नातेवाईक तर नाहीच. "ओळखीतली," म्हणाले. एका खुर्चीच्या टोकावर पाच मिनिटं बसले आणि चप्पल शोधून निघून आले.

आता दार बंद आहे. मी कडी वाजवते. दार उघडतं. दारात मॅडम स्वतः.

स्कार्फ नाही, डोक्यावर केस नाहीत. त्या माझ्याकडे बघतात आणि सभ्यपणे विचारतात, "आपण कोण?"

मी दाराची चौकट धरते.

"मी कोण? मी कोण ते तू सांग! तू! तुला माहितीये मी आठवीत असताना काय झालं ते, माझ्या आईला माहीत नाही! माझं लग्न, माझं पोटातलं पोर गेलं ते, मी कुणाकुणाचा हेवा करते ते, सगळं तुला दिलं मी! आणि तुझ्या दारात मी ओळखीतली? आत मोठमोठ्याने रडताहेत सगळे, आणि मला रडायला जागा नाही, कारण मी कुणीच नाही! बोल ना, एस्तेर! बोल! मला तोंड उघडायला लावून स्वतः गपचूप मेलीस!"

मी एस्तेर म्हटलं. मी तिला अगंतुगं केलं. आतली प्रार्थना थांबली आहे.

ती दारातून हलत नाही. मागे सरत नाही, पुढे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवत नाही. पाणी आणायला वळत नाही. नुसती उभी आहे, आणि मी ओरडते ते सगळं तिला लागतं आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

"अजून आहे?" ती विचारते.

"आहे!"

"मग बोल."

चार वर्षांत पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणते. मी बोलते. काय बोलते ते मला धड आठवणारही नाही. शिव्या आहेत, शाळेत ऐकलेल्या, कधी न उच्चारलेल्या. उंबऱ्यावरच्या चपला मी लाथाडते. कधीतरी दम संपतो. ती उंबऱ्यावर बसते, चपलांच्या पसाऱ्यात, आणि मी समोरच्या पायरीवर.

"तू बरोबर पाहिलं होतंस," ती म्हणते. "त्या दिवशी दुसरी केमो होऊन आठवडा झाला होता. मी आजारी होते."

"मग माझ्या वडिलांवर का नेलंस?"

"सोपं होतं. माझ्यासाठी. सगळं घर माझ्याकडे बघून रडत होतं. तुझ्यासमोर तासभर मी ठणठणीत असायचे."

"तो तास माझा होता."

"हो. तुझाच होता. मी घेतला."

ती माफी मागत नाही. मागितली असती तर मी दिली नसती. स्वप्नातली माणसं आपणच उभी करतो, तोंडी वाक्यंही आपलीच देतो, हे मला शिकवलेलं आहे, परीक्षेत लिहिलेलंही आहे. असेल. पण हे वाक्य मला कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"मी अजून रागावलेली आहे," मी सांगते.

"राहा," एस्तेर म्हणते. "तिलाही राहू दे."

आतून पुन्हा प्रार्थना सुरू होते. उंबरा मऊ लागायला लागतो, उशीसारखा, आणि कुणीतरी माझं नाव घेऊन माझा खांदा हलवतं.

सुकुमार. पलंगाशेजारी वाकून उभा आहे, घाबरलेला.

"पद्मा! अगं, ऊठ. काय चाललंय? कुणाला एवढ्या शिव्या देतेस? शेजारच्या काकू दारात येऊन गेल्या. कोण ही एस्तेर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि आवाज निघत नाही. नुसती हवा. घसा आतून सोलवटल्यासारखा झाला आहे, आवंढा गिळला तर डोळ्यांत पाणी येतं. उठून बसते, खाकरते, पुन्हा प्रयत्न करते.

"माझ्या थेरपिस्ट," शेवटी येतं, घोगरं, फाटकं. "मिरजेच्या. वारल्या त्या."

"अरे देवा! कधी?"

"एप्रिलमध्ये."

तो सरळ उभा राहतो. माझ्या चेहऱ्याकडे बघतो. जुलै निम्मा उलटला आहे.

"एप्रिलमध्ये? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" त्याचा आवाज चढतो. "मग दर गुरुवारी उशिरा येतेस ती कुठून येतेस? मी विचारतो, कसं झालं सेशन, तू म्हणतेस, चांगलं झालं. अडीच-तीन महिने! मला मूर्ख समजतेस काय?"

समजूत घालायचं वाक्य माझ्या जिभेवर तयार असतं. ते मी गिळते. ते दुखतं.

"बस," मी त्याला म्हणते. जो काही आवाज निघतो तो माझा वाटत नाही, पण त्याला ऐकू जातो. "आधी तुझं होऊ दे. मग सांगते."

तो बसत नाही. उभ्यानेच बोलायला सुरुवात करतो. मी घशावर हात ठेवून ऐकते आहे.