भिंतीवरचे स्पीकर आणि भिंतीतले धान

आमच्या बैठकीच्या भिंतीतून धान येते.

लोकांच्या भिंतीतून ओल येते, मुंग्या येतात, शेजाऱ्यांची भांडणे ऐकू येतात. आमच्याकडे धान येते, तेही गाणे लावले की! पाहुणे बिचकतात. मी मात्र छाती पुढे काढून सांगतो, की यात माझी काडीचीही चूक नाही. चूक भिंतीची आहे. माझ्या बायकोचे, म्हणजे शालूचे, मत वेगळे आहे. पण ते लग्नापासूनच वेगळे आहे.

सगळे सुरू झाले बाबांच्या स्पीकरवरून. बाबा तरुणपणी आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरच्या दंडारीत, म्हणजे ढोलकीवरच्या लोकनाट्यात, गात. त्या काळी त्यांनी नागपूरहून लाकडी पेटीचे दोन मोठे स्पीकर हौसेने आणले होते. एकेक पेटी इतकी जड, की उचलली तर आधी कंबर वाजते, मग स्पीकर. कित्येक वर्षे ते न्हाणीघराजवळ पडून होते. एकावर शालू परात वाळत घालायची, दुसऱ्यात उंदराने संसार थाटला होता. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तिने फर्मान काढले.

"हे डब्बे मी कबाडीवाल्याले देऊन टाकते."

"डब्बे? अवं, बाबाचे स्पीकर हायेत ते!"

"मंग वाजवून दाखवा न! मंडईच्या दिवशी वाजले तं राहतील. नाही वाजले तं दुसऱ्या दिवशी कबाडीत. अना खाली नाही ठेवाचे, पाहुण्याइले बसाले जागा नाही राहत. भिंतीवर चढवा!"

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार, नाटक, बाजार आणि घरात इतके पाहुणे, की आपल्याच घरात आपल्याला चप्पल सापडत नाही. अशा दिवशी सगळ्या सासुरवाडीसमोर माझी परीक्षा! बाबा खाटेवरून त्या पेट्यांकडे पाहत राहिले. ते पाहून मला भरून आले, आणि भरून आले की मी नेहमी काहीतरी कबूल करून बसतो.

"चढवतो!" मी म्हणालो. "अना अशे चढवतो, का तुह्या माहेरचे पाहात राहातील!"

(पाहत राहिले. तो शब्द मी पाळला.)

दुसऱ्याच दिवशी अंगणात कारखाना सुरू झाला. उंदराला सहकुटुंब बाहेर काढले. पॉलिश पेपरने पेट्या घासल्या, तेव्हा जुन्या काळपट रंगाखालून सागवानाच्या रेषा दिसू लागल्या. मी इतका हरखलो, की शालूला हात धरून दाखवायला आणले. तिने "दिसल्या" एवढेच म्हटले. मग स्पिरिटमध्ये चपडी लाख विरघळवून पॉलिश केले, एकावर एक हात दिले. आरशासारखी चमक आली! पेट्या उन्हात ठेवून मी चहा घ्यायला आत गेलो, आणि नेमकी तेव्हाच घरामागची राइस मिल सुरू झाली. वारा आमच्याच अंगणाकडे. परत येऊन पाहतो तर ओल्या पॉलिशवर कोंड्याचा थर, जणू पेट्यांच्या अंगावर काटा आला आहे.

"हे काय झालं वो?" शालूने विचारले.

"याले टेक्स्चर म्हणतात. शहरात लोक मुद्दाम करून घेतात."

"कोंड्याचं?"

अडाण्यांशी कलेवर बोलू नये, असे माझे धोरण आहे.

स्पीकरच्या तोंडावरचे कापड उंदराने खाल्ले होते. त्या जागी पातळ, जाळीदार कापड हवे. घरात असे कापड एकच होते. मी ते चहाच्या पाण्यात उकळून तपकिरी केले, ताणून ठोकले, आणि काय सुंदर दिसले! संध्याकाळी खाटेवरून फटाफट आवाज येऊ लागले.

"काहून बाबा, काय झालं?"

"मच्छर खाऊन राहिले न बापा! माही मच्छरदानी कोनं नेली?"

"धुवाले टाकली बाबा," मी म्हणालो. ते खोटे नव्हते. चहात का होईना, धुतली होती.

मंडईचा दिवस उजाडला, आता उरली भिंत. मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहून मी फळी, लोखंडी ब्रॅकेट, लांब स्क्रू आणि शेजाऱ्याची ड्रिल मशीन जमवली. तो माणूस भिंतीवर टकटक करून ती भरीव आहे की पोकळ ते ओळखत होता. मीही टकटक केली. भिंत भरीव! इतकी भरीव, की मीच खूश झालो.

शालू मात्र धावत आली. "त्या भिंतीले हात नका लावू बाप्पा! ते कच्ची हाय!"

"कच्ची? ऑइल पेंट हाय त्याच्यावर! मी वरठीच्या कारखान्यात रोज लोखंडात राहतो, मले भिंत शिकवून राहिली!" (मी गेटवर हजेरी घेतो. पण लोखंड रोज माझ्याच डोळ्यांसमोरून जाते.)

तरी खात्री म्हणून बाबांना विचारले, "बाबा, हे भिंत पक्की हाय न?"

बाबा खाटेवर ताठ बसले. "माह्या बापानं बांधली ते! पक्की नाही तं काय?"

झाले! तीन पिढ्यांची इज्जत त्या भिंतीत आहे म्हटल्यावर मी मशीनच सुरू केली.

ड्रिल लोण्यात शिरावी तशी आत गेली. मला वाटले, मनगटातला जोर! गुणगुणत मी चारही भोके मारली, मागे सरकलो आणि कपाळाचा घाम पुसला. तेवढ्यात पहिल्या भोकातून माती पडली. मग एक दाणा पडला. मग दोन. मग चारही भोकांतून, चार तोट्या सोडाव्यात तसे, सळसळ धान सुरू झाले!

खुलासा असा, की आजोबांनी बांधलेली ती पक्की भिंत म्हणजे बांबूचा कुड होता, दोन्ही बाजूंनी मातीने लिपलेला. आणि पलीकडच्या खोलीत तिला अगदी चिकटून उभी होती आमची ढोली, माझ्याहून उंच, बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणामातीने सारवलेली, वर्षभराच्या खाण्याच्या धानाने गच्च भरलेली. भिंत भरीव लागली ती म्हणूनच! शालूला हे सगळे माहीत होते, कारण ती बाजू तीच सारवते. मी पलीकडच्या खोलीत सहसा जात नाही. तिकडे काम असते.

मी दोन भोकांत दोन बोटे घातली आणि ओरडलो, "बाबा, या लवकर! बोटं घाला!"

बाबा आले. त्यांनी उरलेल्या दोन भोकांत बोटे घातली. बापलेक असे भिंतीला चिकटून उभे, आणि नेमकी त्याच वेळी अंगणात मोटरसायकल थांबली. आंबागडचा माझा साळा विलास, बायकोपोरांसकट, मंडईला हजर!

"राम राम भाऊजी!"

"राम राम, राम राम! बसा न!"

"तुम्ही अशे काहून उभे हा?"

"भिंत पाहून राहिलो. पक्की हाय का नाही ते."

विलास खाली पाहत होता. माझे पाय घोट्यापर्यंत धानात होते. "भाऊजी, ते धान..."

"मंडई हाय न," मी म्हणालो. "पाहुण्याइच्या स्वागताले टाकलं!"

शालू पाण्याचा तांब्या घेऊन आली, पाहिले आणि जागच्या जागी थांबली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे म्हणाली, "विलास, उद्याच्याले त्या कबाडीवाल्याले फोन करजो."

तेव्हा मात्र माझे डोके फिरले. माघार? बाबांसमोर, साळ्यासमोर? मी लांब स्क्रूंना उरलेली मच्छरदाणी गुंडाळली ("हे माही हाय न रे?" बाबा) आणि हातोडीने चारही ठोकून बसवले. एकेक स्क्रू कुडाच्या बांबूंत आणि ढोलीच्या कमच्यांत असा अडकला, की तो गोरा माणूसही काढू शकला नसता. धान थांबले. ब्रॅकेट कसले, फळी ठेवली, स्पीकर ठेवून पट्ट्यांनी आवळून बांधले. विलास फळीला लटकून पाहत होता, मीच त्याला उतरवले.

मग वायरी जोडल्या. बाबांच्या दंडारीची जुनी कॅसेट मी आधीच मोबाइलवर उतरवून आणली होती. बटण दाबले. आधी खरखर, मग ढोलकी, आणि मग बाबांचा तरुण आवाज. खणखणीत, बेफिकीर. बाबा त्या आवाजाकडे तोंड वर करून पाहत होते आणि ओठ हलवत होते. मला रडू आले. शालूने पदर डोळ्यांना लावला, मी पाहिले. तिने कोंडा गेला म्हणून सांगितले.

मी आवाज वाढवला. इथे मी थांबायला हवे होते, पण जिंकलेला माणूस थांबतो का? ढोलकीचा ठेका पडला की भिंत हादरे आणि स्क्रूच्या कडेने चार दाणे बाहेर उडत. ठेका, दाणे, ठेका, दाणे! विलासची पोरे टाळ्या पिटून खाली झेलू लागली. त्या पाहुणचाराची चर्चा आंबागडपर्यंत गेली आहे.

"वाजले का नाही?" मी शालूला विचारले.

"वाजले. पन माह्या ढोलीले भोकं पाडून! हे डब्बे जातील!"

दुसऱ्या दिवशी कबाडीवाला आला. शालूच्या इशाऱ्यावर त्याने पाना लावून एक स्क्रू थोडा ओढला मात्र, सळसळ धान त्याच्या बाहीत! तो दचकून मागे सरला.

"लावा, लावा! परत लावा ते!" ओरडली कोण? शालू!

मी हाताची घडी घालून उभा होतो. आयुष्यात इतकी शांतता मला क्वचितच लाभली आहे.

ढोली रिकामी केल्याशिवाय स्क्रू निघत नाहीत, आणि खाण्याचे धान घरात दुसरीकडे ठेवायला जागा नाही. तेव्हा शालूने निकाल दिला, "ढोली सरली, का त्याच दिवशी हे डब्बे कबाडीत!"

ठीक आहे. भंडारा जिल्ह्यात जन्मलेला, तिन्ही त्रिकाळ भात खाऊन वाढलेला मी, तेव्हापासून पोळी खातो. ती मला चाववत नाही, गिळवत नाही आणि पचत तर मुळीच नाही. पण काल शालू भाताचे पातेले घेऊन आली, तेव्हा मी ताटावर आडवा हात धरला. शेजारी बाबांनी कवळी सावरली, त्यांनीही ताटावर हात धरला आणि म्हणाले, "मलेही पोळीच वाढ वं."