बारा वर्षांची शिक्षा

सिनेमावाले पुस्तकांची वाट लावतात, हे माझं फार जुनं मत. ते मी लग्नाच्या पंगतीत ऐकवलंय, एसटीत ऐकवलंय आणि एकदा दाढी करताना न्हाव्यालाही. वस्तरा गळ्यावर असल्यामुळे तेवढं थोडक्यात. त्यामुळे माझ्या लहानपणीच्या एका हिंदी कॉमिकवर सिनेमा निघाल्याचं कळलं, तेव्हा मला आनंदाआधी काळजीच वाटली.

ते कॉमिक वडिलांनी परभणी स्टेशनवरून आमच्या गावी, पेडगावला आणलं होतं. मी तिसरीत होतो. हिंदी आमच्या शाळेत पाचवीपासून. पण आमच्याकडच्या माणसाला हिंदी शिकावी लागत नाही, ती अंगातच असते, असा आमचा ठाम समज. बाजारात 'कायकू' आणि 'हौ' म्हणता आलं की झालं. मी ते धडाधड वाचून काढलं आणि धाकट्या बहिणीला मराठीत सांगितलं. पुढे भाचरांना सांगितलं, मग माझ्या लेकीला.

गोष्ट अशी : एक दुष्ट गुरू एका पोराला गुहेत नेतो आणि बारा वर्षं शिक्षा देतो. काठीनं. तीही हसत हसत. पोरगा बिचारा वाकून मार खातो. शेवटी मोठा झाल्यावर तो गुरूला असा काही प्रसाद देतो, की गुरूचे डोळेच मिटतात. आमच्या घरात अजूनही कुणी फार रागावलं की 'आला गुहेतला गुरुजी' म्हणतात. बहुतेक वेळा मलाच म्हणतात.

आम्ही सिनेमाला गेलो. मी, बायको आणि आठवीतली लेक. पडद्यावरचा गुरू अगदीच प्रेमळ निघाला. पोराला धनुष्य धरायला शिकवतो काय, त्याच्या पायातला काटा काढतो काय!

"बाबा, मारामारी कधी?" लेकीनं कानात विचारलं.

"मध्यंतरानंतर," मी म्हणालो.

मध्यंतरानंतर पोरानं गुरूला द्रोणातून खीर भरवली आणि गुरूनं समाधानानं डोळे मिटले.

लेक घरी येईपर्यंत धुसफुसत होती. मग एकदम खूश झाली. सोमवारी शाळेत 'पुस्तक आणि सिनेमा' या विषयावर तिचं भाषण होतं आणि आता तिला मुद्दा सापडला होता. गेल्या वर्षी ती भाषणात अडखळली होती आणि पोरं हसल्यावर अर्ध्यातून रडत खाली उतरली होती. यंदा पुन्हा नाव द्यायला तिला फार धीर गोळा करावा लागला होता. तिनं पहिलं वाक्य लिहिलं : 'सिनेमावाल्यांनी या पुस्तकाची पार वाट लावली आहे.' पुढचा मजकूर मी मागे उभा राहून जोशात सांगितला. पुरावा म्हणून मूळ पुस्तक वर्गात दाखवायचं ठरलं. ते होतं वालूरला, बहिणीच्या सासरी, तिच्या पेटीत.

रविवारी दुपारी बहीण ते घेऊन आली. मी ऐटीत पान उघडलं. 'गुरु ने उसे बारह वर्ष तक शिक्षा दी.'

शिक्षा! हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला पुढे पाचवीत शिकवलं होतंच; पण त्याचा त्या गुहेशी काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. काठी टेकायची होती. पोरगा वाकला होता तो नमस्काराला. आणि शेवटी 'शिष्य ने गुरु को प्रसाद दिया', तो चक्क द्रोणातला. सिनेमावाल्यांनी द्रोणसुद्धा बदलला नव्हता.

बहीण तोंडाला पदर लावून बसली होती.

"तुला ठाऊक व्हतं?" मी विचारलं. तिच्यासमोर माझी भाषा पेडगावला जाते.

"पाचवीत हिंदी आली तवाच कळलं, दादा."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू रुसून पुढच्या गोष्टी बंद केल्या असत्यास. आन् खरं सांगू का? ह्या पुस्तकात काईच मजा न्हाई. गुरू शिकवतो, पोरगा शिकतो. तुज्या गोष्टीत लय हाणामारी व्हती."

आतल्या खोलीतून लेकीचा सराव ऐकू येत होता. 'पार वाट लावली आहे.' एकदाही अडखळत नव्हती.

"पुस्तक सापडलंच न्हाई म्हणू का?" मी हळूच म्हणालो.

"दादा, जा आन् सांग. उद्या एखाद्या पोरानं हे वाचलेलं असलं, तर ती पुन्हा रडत खाली उतरंल. तुज्यामुळं."

मी आत गेलो. पान पुढे केलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. लेकीनं वाचलं. पान उलटलं, शेवटचं चित्र पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तिसरीपासून, बाबा?"

"हो."

"म्हणजे आख्ख्या खानदानाला?"

"भाचरांसकट," मी कबूल केलं. "थांब, मी तुला नवीन भाषण लिहून देतो."

"तुम्ही काहीएक लिहू नका!"

तिनं वही ओढली, पेन घेतला आणि पहिल्या वाक्यातला 'सिनेमावाल्यांनी' खोडून वर लिहिलं, 'माझ्या बाबांनी'.

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं सगळं बरोबरच आहे की," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचू लागली.