नाचाच्या बदल्यात पाणी

त्या उन्हाळ्यात माझा देवीवरचा विश्वास पार डळमळला होता. मी लातूरची, नोकरी मात्र किनवटच्या जंगलात, एका गोंड वस्तीवरच्या शाळेत. विहीर आटली होती. बाया कोरड्या नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. माहूरच्या गडावर जाऊन मी रेणुकामातेला विचारायची, या लेकरांकडं तुझं लक्ष आहे की नाही?

अशात माझे मामा जीप घेऊन आले. आदल्या वर्षी लातूरचा वेगळा जिल्हा झाला होता, त्याच्या सोहळ्याचे ते कारभारी. मिरवणुकीत त्यांना मोरपिसांचे टोप घालून नाचणारे गोंड हवे होते. वस्तीचे प्रमुख मडावीदादा शांतपणे म्हणाले, "ती आमची दंडार हाय, साहेब. दिवाळीत पूजा करून टोप बाहेर काढतो. टोप डोक्यावर चढला की तो माणूस आमच्यासाठी देव असतो. आत्ता वैशाखात कसा आणावा?"

"देव ठेवा घरी, नुसता नाच आणा," मामा हसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "सांग यांना. टँकर माझ्या दोस्ताचा हाय. हे आले तर उद्या पाणी, न्हाईतर न्हाई."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आपल्या देवीची पालखी कुणी वरातीला मागितली तर द्याल का, मामा?"

"या रानटी लोकांशी आपली बरोबरी करतीस?"

याच माणसानं घटकाभरापूर्वी मडावीदादांच्या अंगणात त्यांच्या तांब्यातलं पाणी पिऊन उरलेल्या पाण्यानं चूळ भरली होती. आणि रानटी कोण, तर हे!

मडावीदादांचा आवाज चढला नाही. "झिरा अजून खोल खणू, साहेब. या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवीच्या तसबिरीसमोर बसले. हात जोडायची इच्छाच होईना. मी भांडले तिच्याशी. देवाला विकलं नाही म्हणून लेकरं तहानलेली राहणार असतील, तर मला तुझी गरज नाही, असंही बोलून गेले. बोलून झाल्यावर रडू आलं. म्हटलं, माझं डोकं चालत नाही, आता तूच बघ.

दुपारी टँकर आला. ड्रायव्हर अनोळखी, खाजाभाई नावाचे. "मालक बोलले, तिकडं जाऊ नको. का म्हणून विचारलं, तर म्हणे ते लोक नाचत न्हाईत. बाई, पाणी काय नाचल्यावर द्यायची चीज हाय?"

"तुमच्या नोकरीचं काय?"

"बघू," म्हणाले आणि नळी सोडली.

त्यांची नोकरी गेली, हे पुढं कळलं. ते पाणी संपायच्या आत सगळी वस्ती तालुक्याच्या कचेरीसमोर जाऊन बसली, मीही बसले, आणि सरकारी टँकर सुरू झाला. लातूरच्या मिरवणुकीत कागदी पिसं लावून कुणीतरी नाचलं म्हणे. मामांचा राग मला अजून आवरत नाही. त्यांना माफ करावं, एवढं देवीनं माझ्याकडून मागितलेलं नाही, असं मी धरून चालते.

दिवाळीत मडावीदादांनी बोलावणं धाडलं. मी अनवाणी गेले, बायांच्या मागं उभी राहिले. कुणाला काही विचारलं नाही. ढोल घुमला, राख फासलेले, मोरपिसांचे टोप घातलेले देव अंगणात आले. बाया वाकल्या, तशी मीही वाकले. खाजाभाईंचं नाव घेतलं, आणि कितीतरी महिन्यांनी माझे हात आपोआप जोडले गेले.