पडद्याबाहेरच्या आत्याबाई

लग्न होऊन उंब्रजला आले तेव्हापासून मला एक खात्री होती. माझ्या सासूबाई माझ्यावर पाळत ठेवून आहेत. रंगुबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणते. जन्म माणदेशातल्या मेंढपाळ घरात, तरुणपण मेंढरांमागं मुलूख पालथा घालण्यात गेलेलं. त्यामुळं कान अजून असे तिखट, की शेजारच्या घरात कोण शिंकलं तेही सांगतील. माझा नवरा तानाजी लष्करात, सीमेवर. घरात आम्ही दोघीच. मग त्या कानांना दुसरं काम तरी काय?

मी कराडच्या एका दवाखान्यात नर्स आहे, कायम रात्रपाळीला. सकाळी एसटीनं घरी यायचं आणि दुपारपर्यंत झोपायचं. पण आमचं घर हायवेच्या सर्व्हिस रोडवर, माझी खिडकी अंगणाकडं, उजेड नुसता डोळ्यांत घुसायचा. एकदा झोपेच्या तारेत मी भलत्याच पेशंटचं इंजेक्शन भरायला घेतलं. सोबतच्या सोनमनं हात धरला म्हणून निभावलं. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी सरळ सांगितलं, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. म्हणून मी उजेड अडवणारे पडदे घ्यायचं ठरवलं.

कराडच्या दुकानात आत्याबाई न बोलावता आल्या. मी पाठीला रबरी थर असलेलं जाड कापड निवडलं. दुकानदारानं ते ट्यूबलाइटपुढं धरून दाखवलं, पण आत्याबाईंचा विश्वास बसेना. त्या कापड घेऊन बाहेर उन्हात गेल्या, डोक्यावरून ओढून भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि आतूनच म्हणाल्या, "काय सुदिक दिसत न्हाई. एवढा अंधार कशाला गं? दडवायचं काय हाय?"

मी त्याच कापडाचे पडदे शिवायला सांगितले. पैसे देताना दुकानदारानं बजावलं, "धुवायचे नाहीत बरं का. ओल्या फडक्यानं पुसायचे. मागचा थर उडाला की संपलं." आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या.

कडेनं उजेड येऊ नये म्हणून दांडी खिडकीपेक्षा वीतभर लांब घेतली, पडदे पार फरशीला टेकवले. खोलीत मिट्ट काळोख झाला. पण झोप लागते न लागते तोच बाहेर पावलं वाजायची आणि खिडकीसमोर थांबायची. भंगारवाल्याच्या टेम्पोचा भोंगा लांबून ऐकू यायचा, आमच्या फाटकाशी येताच गप्प व्हायचा आणि पुढं गेल्यावर पुन्हा सुरू. म्हणजे आत्याबाई त्याला थांबवून काहीतरी सांगत होत्या. सुनेशिवाय त्यांच्याकडं सांगण्यासारखं होतं काय? या विचारानंच माझी उरलेली झोप उडायची.

नवरात्राच्या तोंडावर तर कहर झाला. एके दिवशी कामावरून आले तर खिडकी उघडी आणि पडदे अंगणात तारेवर वाळत. आत्याबाईंनी ते गोधड्यांबरोबर नदीवर नेऊन दगडावर धोपटले होते. थर ठिकठिकाणी उडाला होता, उन्हात धरलं की चाळणी.

"धुवू नका म्हणाला होता ना तो? तुमच्यासमोर म्हणाला."

"आयकलं हुतं. पर घट बसायच्या आदी घरात बिनधुतलं कापड ठेवत न्हाईत. पोरगं तिकडं शिमेवर हाय माजं. मला भ्या वाटलं."

माझा काडीचा विश्वास बसला नाही. मुद्दाम केलं, आता भोकांतून बघायची सोय झाली, असंच मला वाटलं. मी रागारागानं सोनमला फोन केला. तिच्या कराडच्या खोलीत एक जागा रिकामी होती. दसरा झाला की येते, म्हणाले, आणि बॅग भरून ठेवली.

तोवर झोपायला तर हवं. काळी चिकटपट्टी आणून मी एकेक भोक बुजवत बसले. उंचावरच्या एकाला हात पोचला नाही, तसंच आडवी झाले. डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काहीतरी हललं.

त्या उरलेल्या भोकातून आलेलं आमचं अंगण होतं ते. उलटं, आभाळ खाली आणि रस्ता वर. शाळेत असताना खोक्याला भोक पाडून आम्ही असंच झाड बघितलं होतं. फाटकाजवळच्या दगडावर हिरव्या लुगड्यातली बाई बसली होती. आत्याबाईच. मी तोंड शोधायला गेले, तर दिसला तो अंबाडा. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

चेंडू घेऊन पोरं आली. आत्याबाईंनी काठी दाखवली, पोरं पसार. मग भोंगा ऐकू आला. आत्याबाई उठल्या, रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून टेम्पोसमोर उभ्या राहिल्या. भोंगा बंद झाला. टेम्पो गेल्यावर त्या परत दगडावर बसल्या, तोंड रस्त्याकडं करून.

मला पडून राहवेना. मी बाहेर जाऊन त्यांच्या मागं उभी राहिले.

"आत्याबाई, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर नजर ठेवता."

"ठिवत हुते की," त्या मान न वळवता म्हणाल्या. "पडदं लावलं तवा. म्हनलं, अंधारात बसून कुनाशी बोलतीया बघावं. गुपचूप आत येऊन बघितलं. तर तू आडवी. अंगावर कामावरचंच कापडं, एक चप्पल पायात तशीच. लय वंगाळ वाटलं मला."

मी त्यांच्याशेजारी दगडावर टेकले.

"तवापास्नं हितं बसतीया. राखन करनाऱ्यानं मेंढरांकडं बघायचं नसतंय गं, लांडगा बाहेरनं येतोय. जा, झोप. आत्ता भाजीवाली यील वरडत."

मी आत आले. सोनमला फोन करून सांगितलं, जागा दुसरीला दे. मग स्टुलावर चढून ते उरलेलं भोकही बुजवलं आणि झोपले.