ओमोकाहून रारोटोंगा, वारा समोरून

आमच्या बेटावरच्या ओमोका गावाहून राजधानीचं बेट रारोटोंगा साडेतेराशे किलोमीटर. विमानाला चारेक तास लागतात, वारा समोरून असला तर पाच. मधे उतरावं म्हटलं तर एखाददुसरं बेट, बाकी नुसता समुद्र. हे गणित पापा साइतूंच्या हाडीमाशी भिनलेलं; थोरांना आमच्याकडे सगळेच पापा म्हणतात. एरवी मासे धरणारा हा माणूस विमान आलं की काटा घेऊन धावपट्टीवर उभा राहायचा. माणसं, पेट्या, गोठवलेली मासळी, सगळं तोलायचा, जास्त भरेल ते उतरवायचा. नातेवाइकांकडे रिकाम्या हाताने जायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून निम्मं गाव त्यांच्यावर खार खाऊन होतं. माझी मासळी तर कितीदा उतरवली मेल्याने!

त्या दिवशी त्यांची लेक मेरेआना निघाली होती. दिवस भरत आलेले आणि बाळ पोटात आडवं. इथल्या एकट्या नर्सने हात टेकले होते. पुढचं विमान कधी येईल, याचा भरवसा नव्हता.

पेट्या, मासळी सगळं उतरवूनही वजन जास्तच भरलं, तसं वैमानिकाने तोंड वाकडं केलं. "पापा, आज वारा समोरून आहे. एक माणूस उतरवा, नाहीतर तेल कमी भरावं लागेल."

पण आमच्याकडे एकदा प्रार्थना झाली, गळ्यात शिंपल्यांच्या माळा पडल्या, रडून झालं, की माणूस निघालाच. निरोप दिलेल्याला घरी परत आणणं म्हणजे मरणाला बोलावणं. पापांनी प्रवाशांच्या रांगेवरून नजर फिरवली तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

रांगेतली म्हातारी तेपोउ फणकारली, "माझ्याकडे काय बघतोस? तुझ्या पोरीला उतरव की!"

"तिला उतरवू? जीव जाईल तिचा!"

"मग तेल कमी कर. दुपारी पडतो वारा, एवढं काय घाबरतोस?"

माझा एक मासाही जास्तीचा न जाऊ देणाऱ्या पापांनी मान डोलावली. तेलाचं एक पिंप धावपट्टीवर तसंच राहिलं आणि विमान उडालं.

दुपारी वारा पडला नाही, उलट वाढला. पापा रेडिओच्या खोलीत बसले. वैमानिक एकदा बोलला, "फार हळू सरकतोय." त्यानंतर नुसती खरखर.

पोचायची वेळ टळली. गाव दारात जमलं. मी चहा पुढे केला.

"पापा, दोन घोट तरी घ्या."

"नको गं."

मग रारोटोंगाचा आवाज आला. "ओमोका, प्रवाशांची नावं सांगा."

नावं कशाला हवीत, हे तिथे प्रत्येकाला कळलं. तेपोउच्या सुनेने हंबरडा फोडला. पापांनी एकेक नाव सावकाश सांगितलं, शेवटी लेकीचं.

"म्हणजे प्रवासी सात?"

"आठ," पापा म्हणाले. "माझ्या लेकीच्या पोटात एक आहे."